गोळी चालू असतानाही जीव घाबरा होतो, त्याबद्दल कोण लिहिणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या मागच्या रविवारच्या पुरवणीत नैराश्याच्या गोळ्यांवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात चाललंय. लेख वाईट नव्हता, कळकळीने लिहिलेला होता, पण त्यात दोनच प्रकारची माणसं होती. एक जिने गोळी घेतली आणि बरी झाली, आणि दुसरी जिने गोळीला हात न लावता योगासनं, प्राणायाम, चांगले विचार वगैरे करून मात केली. आता यात आम्ही कुठे बसतो? म्हणजे जे रोज न चुकता गोळी घेतात, ज्यांना गोळीचा फायदा पण आहे, आणि तरी मधेच एखाद्या मंगळवारी दुपारी काही कारण नसताना ज्यांच्या छातीत धडधडायला लागतं, हातापायाला मुंग्या येतात, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं आणि वाटतं की झालं, आता परत पहिल्यासारखं होणार. माझ्या ओळखीत तरी गोळ्या घेणारे बहुतेक जण असेच आहेत. आणि आमच्याबद्दल पेपरात, टीव्हीवर, कुठेच काही येत नाही.

मी कराडची. एका पतसंस्थेत अकाउंट्सला आहे, वय पंचेचाळीसच्या पुढे. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत सासरे गेले, त्यानंतर घरातलं सगळं आवरताना मी ठीक होते, आणि सगळं आवरून झाल्यावर मला त्रास सुरू झाला. आधी झोप गेली, मग जेवण, मग एसटीत बसलं की दम कोंडायला लागला. पहिल्यांदा छातीत दुखलं तेव्हा ईसीजी काढला, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ सगळं बघितलं, आणि हे सगळ्यांनी बघावंच, कारण थायरॉइड जास्त असलं तरी असंच धडधडतं आणि बी१२ कमी असणं तर आपल्याकडे शाकाहारी घरांत किती कॉमन आहे. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर फॅमिली डॉक्टरांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि त्यांनी एसिटॅलोप्रॅम सुरू केलं.

आता मुद्द्याचं. या गोळ्या, म्हणजे एसिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही सगळी एकाच घरातली औषधं, नैराश्यासाठी म्हणून ओळखली जातात पण ॲन्झायटी (सतत घाबरं-घाबरं वाटणं) आणि पॅनिक (अचानक येणारे घाबरण्याचे झटके) यांसाठी पण हीच देतात. यांचा फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फायदा कळायला सहा-आठ आठवडे. आणि साईड इफेक्ट मात्र पहिल्या दिवसापासून! त्यात सगळ्यात घाबरवणारा हा की ज्या घाबरण्यासाठी गोळी सुरू केली ते घाबरणंच पहिल्या एक-दोन आठवड्यांत काही जणांचं वाढतं. अस्वस्थ वाटतं, एका जागी बसवत नाही, पहाटे चारला जाग येते आणि काळीज धडधडत असतं, मळमळतं, जांभया येतात, घाम येतो. म्हणून तर ज्यांना ॲन्झायटी जास्त आहे त्यांना डॉक्टर बऱ्याचदा अर्ध्या डोसपासून सुरू करतात, म्हणजे एसिटॅलोप्रॅम दहाच्या ऐवजी पाच, आणि हळूहळू वाढवतात.

माझं नशीब असं की माझ्या डॉक्टरांनी चिठ्ठी हातात देतानाच सांगितलं होतं, "ताई, पहिले पंधरा दिवस जास्त घाबरल्यासारखं होईल, तेव्हा गोळी बंद करू नका, मला फोन करा." या एका वाक्याने मी टिकले. पहाटे चारला उठून बसायचे तेव्हा ते वाक्य मनात म्हणायचे, आणि मिस्टरांना पण सांगून ठेवलेलं की मी कितीही म्हणलं बंद करते तरी आधी फोन लावा. सकाळी नाश्ता करून गोळी घ्यायला लागले तर मळमळ कमी झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं की आज पहाटे जागच आली नाही.

पण किती जणांना हे कोणी सांगतं? माझ्या ओळखीत एक मुलगी आहे, इंजिनिअरिंगला, तिला दुसऱ्या एका शहरात दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून दिली, एक अक्षर सांगितलं नाही, चौथ्या दिवशी तिला एवढी घाबरगुंडी झाली की तिने गोळ्या फेकून दिल्या आणि आता ती सगळ्यांना सांगते की या गोळ्यांनी माणूस वेडा होतो. तिचं काय चुकलं? काहीच नाही. तिला जे झालं ते तिने खरं सांगितलं, फक्त ते होऊ शकतं आणि बहुतेकदा जातं हे सांगणारं कोणी नव्हतं.

आणि तिच्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर सांगणं जास्तच गरजेचं आहे. अमेरिकेतल्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये या औषधांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, आधी मुलांसाठी आणि मग २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी, की सुरुवातीच्या काळात काही जणांत मरणाचे विचार वाढू शकतात म्हणून जवळून लक्ष ठेवा. याचा अर्थ तरुणांना गोळ्या देऊच नका असा नाहीये. अर्थ एवढाच की घरात एका तरी माणसाला माहिती हवं की ही गोळी सुरू झालीय, आणि पहिले काही आठवडे ती मुलगी किंवा तो मुलगा एकदम जास्त चिडचिडा, बेचैन झाला, मरणाबद्दल बोलायला लागला, किंवा उलट, झोपच लागत नाही तरी एकदम जोशात, भरमसाट बोलतोय, पैसे उडवतोय असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

दुसरी गोष्ट, सोबतची छोटी गोळी. सुरुवातीच्या घाबरण्यासाठी डॉक्टर काही दिवस क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम देतात, ती अर्ध्या-पाऊण तासात काम करते, लगेच शांत वाटतं, आणि तिथेच गडबड होते. कारण जी गोळी हळूहळू बरं करते तिचा रोजचा परिणाम जाणवत नाही आणि जी तात्पुरतं शांत करते तीच खरी वाटायला लागते. या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांची सवय लागते, शरीर जास्त मागायला लागतं, म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, विसरायला होतं, आणि वरून दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. बऱ्याच महिन्यांची चालू गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. अल्प्राझोलाम सरकारने एच-१ यादीत टाकलंय, मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून रजिस्टरला नोंद करूनच द्यायचं असं आहे, तरी आमच्याकडे कितीतरी घरांत आजीची झोपेची गोळी म्हणून वर्षानुवर्षं चालू आहे आणि शेजारणीला पण त्याच पाकिटातली अर्धी मोडून दिली जाते. शिवाय आपल्याकडे एसिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं, खूप खपतं ते. त्यात पेशंटला कळतच नाही की आपण दोन औषधं घेतोय, त्यातलं एक बरेच महिने घ्यायचंय आणि दुसरं थोडेच दिवस. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की पहिल्याच दिवशी विचारा, यातली कुठली गोळी किती दिवस, आणि छोटी गोळी बंद कशी करायची. विचारलं तर डॉक्टर रागवत नाहीत हो. आणि रागावले तर दुसरे डॉक्टर बघावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं, हे झालं सुरुवातीचं. पण गोळी लागू पडल्यावर सुद्धा ॲन्झायटी शंभर टक्के जात नाही, निदान सगळ्यांची नाही. अमेरिकेत नैराश्याच्या चार हजारांवर पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात पहिल्या औषधाने लक्षणं पूर्ण गेली असे साधारण तीनात एक निघाले, बाकीच्यांना डोस वाढवणं, औषध बदलणं, दुसरं जोडणं किंवा बोलण्याची थेरपी असं काही ना काही करावं लागलं. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं, कारण तोपर्यंत मला वाटायचं की सगळ्यांना एका गोळीने बरं वाटतं आणि मलाच वाटत नाही.

लोक म्हणतात बीपीच्या गोळीसारखी ही गोळी समजा. समजते की. पण बीपीचं मशीन आहे, आकडा दिसतो, इथे आकडाच नाही. आज घाबरल्यासारखं झालं ते आजार वाढला म्हणून, काल गोळी चुकली म्हणून, मार्च एंडिंगचा लोड आहे म्हणून, की चार कप चहा झाला म्हणून, हे कळणार कसं? मी यावर साधा उपाय केला, कॅलेंडरच्या तारखेच्या चौकटीत रोज रात्री तीन-चार शब्द लिहायचे, झोप कशी, गोळी घेतली का, घाबरणं किती आणि कशावरून. जिथे दुधाचा हिशोब लिहितो तिथेच. महिन्याने डॉक्टरांकडे ते पान फाडून नेलं की "कसं वाटतंय?" याला "बरंय" एवढंच उत्तर द्यावं लागत नाही. डॉक्टरांनीच त्यावरून बघितलं की माझं घाबरणं पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतं, आणि त्यावरून डोस न वाढवता थांबायचं ठरलं. नाहीतर डोस वाढला असता.

आता प्रत्यक्ष अटॅक येतो तेव्हा काय करायचं. यावर खूप लिहिता येईल पण मला जे उपयोगी पडलं तेवढंच सांगते. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो, उतरतोच, शरीराला तेवढ्या जोरात फार वेळ राहताच येत नाही. आपण काय करतो, धडधड झाली की मनात म्हणतो हार्ट अटॅक आला, त्या विचाराने अजून धडधडतं, मग भराभर श्वास घेतो, भराभर श्वासाने मुंग्या येतात, चक्कर येते, मग वाटतं आता नक्कीच. हे चक्र इंग्लंडमधल्या डेव्हिड क्लार्क नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये नीट मांडलं आणि त्यावरच पॅनिकची थेरपी उभी आहे. मला काउन्सेलर मॅडमनी हे कागदावर गोल काढून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझ्या अंगात जे होतंय त्याला काहीतरी क्रम आहे, ते कुठूनही कसंही येत नाही. तेव्हा धडधड सुरू झाली की मी श्वास ओढत नाही, सोडते, हळूहळू, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ, आणि जिथे आहे तिथेच थांबते. हे थांबणं महत्त्वाचं! कारण उठून पळालं की बरं वाटतं आणि मग मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो, पुढच्या वेळी तीच जागा अजून भीतीची होते. माझं एसटीचं तसंच झालं होतं. पुण्याला लेक शिकायला आहे आणि मी तिच्याकडे जाईना, कारण खंबाटकीचा बोगदा. बोगद्यात गाडी अडकली आणि मला अटॅक आला तर? या "तर"ने माझं जाणंच बंद केलं होतं.

मग मॅडमनी पायऱ्या पाडून दिल्या. आधी कराड ते उंब्रज, सोबत कोणीतरी. मग उंब्रज एकटीने. मग सातारा. प्रत्येक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची, भीती कमी होईपर्यंत. आणि यात एक गोष्ट मला मुद्दाम सांगायचीय, की गोळी नसती तर मी उंब्रजला सुद्धा गेले नसते. गोळीने भीती एवढी खाली आणली की मला बसस्टॅंडपर्यंत जाता आलं, पण खंबाटकी गोळीने पार केली नाही, ती पायऱ्यांनी केली. दोन्ही लागलं. म्हणून मला तुमच्या लेखातलं "गोळ्या की थेरपी" हे भांडणच कळत नाही, कोणी विचारलंय का या दोघांत एकच निवडा म्हणून? बोगद्यात धडधडलं का, तर हो, धडधडलं. अजूनही कधी कधी धडधडतं. लेकीकडे जाते.

थेरपी म्हणलं की खर्च आणि अंतर हे पहिलं येतं. मुंबई-पुण्यात, ठाण्यात ठीक आहे, ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करतेय, कि. मो. फडक्यांनी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत सांगून कितीतरी लोकांना स्वतःच्या विचारांकडे बघायला शिकवलं. पण तालुक्याच्या गावी काउन्सेलर शोधायचा म्हणजे मोठं काम, आणि एका सेशनची फी आमच्यासारख्यांच्या आठवड्याच्या किराण्याएवढी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, सिव्हिलला ओपीडी असते, औषधं पण मिळतात, पण त्याची माहिती लोकांना नसते, आणि माहिती असली तरी तिथल्या लायनीत ओळखीचं कोणी बघेल म्हणून जात नाहीत. त्यातल्या त्यात फोनचं बरं आहे, टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास आणि मराठीत बोलता येतं. रात्री दोनला घाबरल्यासारखं झालं तर निदान एक आवाज असतो पलीकडे.

घरच्या गोष्टीवर थोडं लिहिते, कारण गोळ्या सगळ्यात जास्त बंद होतात त्या घरात. श्रावण आला की सोमवार, शनिवार, मग नवरात्राचे नऊ दिवस, आणि "उपास आहे म्हणून गोळी नाही घेतली" हे मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय. गोळी पाण्याने मोडत नाही हो उपास. पोटात काही हवं असेल तर दूध घ्या, केळं घ्या. सलग दोन-तीन दिवस चुकली की डोकं हलकं होतं, चिडचिड होते, आणि मग घरचे म्हणतात बघ देवाचं करताना सुद्धा हिला त्रास होतो. आमच्याकडे एकदा अंगारा पण आणला होता माझ्यासाठी, मी लावला, आणि गोळी पण घेतली. आणणारीच्या मनात माझी काळजीच होती, तिला कशाला दुखवू. पण गोळी सोडून फक्त अंगारा असं कोणी म्हणलं तर तिथे घरातल्या एकाने तरी ठामपणे उभं राहावं लागतं. आमच्याकडे सासूबाई उभ्या राहिल्या. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, "तिला गोळीनं झोप लागतीय, तुम्हाला काय त्रास हाय?"

आणि जे कोणीच बोलत नाही ते. या गोळ्यांनी नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होतो, इच्छा कमी होते किंवा नुसताच उशीर होतो, बायकांना पण आणि पुरुषांना पण, आणि हा काही दुर्मिळ साईड इफेक्ट नाहीये. पुरुष तर डॉक्टरला सांगत नाहीत, सरळ गोळी बंद करतात, घरी पण बोलत नाहीत, आणि बायकोला वाटतं याचं माझ्यावरचं मन उडालं. डॉक्टरांना सांगितलं तर डोस बदलता येतो, औषध बदलता येतं, मार्ग असतात. पण ते सांगायला डॉक्टरने आधी विचारलं पाहिजे, पेशंट आपणहून नाही बोलणार. तसंच बाकीच्या औषधांचं, ट्रामाडोल असलेली दुखण्याची गोळी, ॲस्पिरिन, एखादं काढा-चूर्ण, जे काही चालू असेल ते सगळं डॉक्टरांना सांगायचं, कारण काही औषधांचं यांच्याशी जमत नाही. आणि सत्तरीच्या पुढचं माणूस या गोळ्यांवर असेल आणि अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागलं तर त्याला नुसतं वय झालं म्हणून सोडू नका, रक्तातलं सोडियम तपासा, ते उतरू शकतं.

"किती दिवस खाणार गोळ्या?" हा प्रश्न मला लग्नात, बारशात, सगळीकडे विचारला जातो. उत्तर असं की बरं वाटायला लागल्यावर पुढे साधारण सहा महिने ते वर्षभर, त्रास आधी पण होऊन गेला असेल तर जास्त. बरं वाटतंय म्हणूनच बंद करायची घाई होते. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये एक अभ्यास छापून आला, बरेच दिवस गोळ्या घेऊन बरं वाटत असलेल्या लोकांचा, त्यातल्या अर्ध्यांच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या आणि अर्ध्यांच्या चालू ठेवल्या. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी छप्पन टक्क्यांना परत त्रास झाला, चालू ठेवलेल्यांपैकी एकोणचाळीस टक्क्यांना. हे दोन्ही आकडे मला महत्त्वाचे वाटतात. चालू ठेवली तरी काहींना त्रास होतो हे एक, आणि बंद करून पण चव्वेचाळीस टक्के लोक वर्षभर नीट राहिले हे दुसरं. म्हणजे जन्मभर गोळी असंही नाही, पण ठरवून, डॉक्टरांसोबत, हळूहळू.

हळूहळू का, ते आमच्या ओळखीतल्या एका काकांचं बघून कळलं. ते व्हेनलाफॅक्सिन या नैराश्याच्याच दुसऱ्या एका गोळीवर होते, गावाला गेले, गोळ्या संपल्या, तिथल्या मेडिकलमध्ये मिळाल्या नाहीत, म्हणाले जाऊ दे, बरं तर वाटतंय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चक्कर, घाम, विचित्र स्वप्नं, आणि मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखा झटका. घरच्यांना वाटलं पॅरालिसिस. व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिन अंगातून लवकर निघून जातात म्हणून यांचा असा त्रास जास्त होतो, फ्लुओक्सेटिन बरेच दिवस अंगात राहतं म्हणून त्याचा कमी. काकांची गोळी परत सुरू केल्यावर दोन दिवसांत सगळं थांबलं. हा त्रास म्हणजे व्यसन पण नाही आणि आजार परत आला असंही नाही, पण ज्याला माहिती नाही तो यातलं एक काहीतरी समजून बसतो. तेव्हा गावाला, वारीला, लग्नाला जाताना एक जास्तीची स्ट्रिप आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये, एवढं तरी करावं.

आता तुमच्याबद्दल, म्हणजे पेपरबद्दल बोलते, राग मानू नका. २०२२ च्या जुलैमध्ये लंडनच्या संशोधकांचा एक आढावा आला होता, की नैराश्य मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झाल्यामुळे येतं याला ठोस पुरावा सापडत नाही. तेव्हा जगभर मथळे आले, आपल्याकडेही माझ्या व्हॉट्सॲपवर तीन-चार जणांनी कात्रणं पाठवली, सगळ्यांचा सूर एकच, गोळ्यांचा काही उपयोग नसतो म्हणे. पण तो आढावा आजार कशामुळे होतो याबद्दल होता, गोळ्यांनी फरक पडतो की नाही हे त्यात तपासलंच नव्हतं. ते तपासलं होतं लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासाने, एकवीस औषधं, ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांवर माणसं, आणि एकवीसच्या एकवीस औषधं नुसत्या खोट्या गोळीपेक्षा चांगली निघाली. फरक फार मोठा नव्हता, माफक होता, हेही खरं आणि तेही छापावं. पण मथळा वाचून कोणीतरी त्या रात्री गोळी घेतली नसेल, याचा विचार मथळा देणाऱ्याने करायला हवा. आरोग्याच्या पानावर असा विषय आला की खाली एक ओळ, "चालू औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नका," एवढी जागा निघते की!

नॅशनल मेंटल हेल्थ सर्व्हे २०१५-१६ मध्ये झाला, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने केला, बारा राज्यांत, त्यात आपला महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या राज्यात किती लोक या त्रासात आहेत याचा अंदाज आपण दुसऱ्या राज्यांच्या आकड्यांवरून बांधतो. त्या सर्व्हेत असंही निघालं की बहुतेक मानसिक आजारांत सत्तर टक्क्यांच्या वर लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, मे २०१८ पासून लागू, त्यात उपचार मिळणं हा हक्क आहे आणि इन्शुरन्स कंपन्यांनी शरीराच्या आजारांसारखंच मनाच्या आजारांना पण कव्हर द्यायचं असं लिहिलंय. माझा क्लेम मात्र एका कंपनीने दोनदा परत पाठवला, शेवटी कायद्याचं कलम लिहून दिल्यावर पास झाला. हे कलम, २१ (४), मला एका पेशंटच्या नवऱ्याने क्लिनिकच्या बाकावर बसून सांगितलं. पेपरात वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून विनंती अशी. तुम्ही रविवारी पाककृतीला अर्धं पान देता, भविष्याला एक कॉलम देता, आम्ही दोन्ही वाचतो, तक्रार नाही. त्यात महिन्यातून एकदा तरी गोळ्या घेत असलेल्या माणसांसाठी जागा द्या, सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून उत्तरं घ्या, वाचकांचे प्रश्न बिननावाने छापा. पहिले पंधरा दिवस कसे काढायचे, गोळी चुकली तर काय, गरोदरपणात काय, दारू पिणाऱ्या माणसाने काय, परीक्षेच्या काळात डोस बदलावा का, असे साधे साधे प्रश्न असतात आणि ते विचारायला दोन मिनिटांच्या ओपीडीत वेळ नसतो. आणि आत्महत्येची बातमी देताना प्रेस कौन्सिलच्या २०१९ च्या सूचना आहेत तशी द्या, पद्धत सविस्तर लिहू नका, फोटो टाकू नका, आणि खाली १४४१६ नंबर छापा, दर वेळी, जिल्हा आवृत्तीत पण. मुख्य आवृत्तीत तो दिसतो, आमच्या आवृत्तीत मागच्या महिन्यात दोन बातम्या आल्या, दोन्हीत नव्हता.

पत्र मोठं झालंय, काटछाट करायची तर माझ्याबद्दलचं काढा, गोळ्यांबद्दलचं आणि नंबर ठेवा. नाव कृपया छापू नये, ऑफिसात अजून सगळ्यांना माहिती नाहीये.

आपली,
एक वाचक, कराड